ठाण्याच्या उंबऱ्यावर घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव मी जन्मात कधी सरळ घेतलं नाही. 'हे', 'आमचे जमादार', 'ऐकलं का', एवढ्यावर सगळा संसार झाला. तेव्हा या आठवणीत कुणाचंच नाव नाही म्हणून कुणी रुसू नये. सन तीस-पस्तीसचा तो काळ. इंदापूरच्या पोलीस लाइनीत आम्हाला एक खोली आणि पुढं पडवी होती. पडवीच्या पलीकडं ठाण्याची भिंत. तिकडं कोण ओरडतंय, कोण रडतंय, कुणाला चहा पाजलाय, सगळं मला चुलीपाशी बसून कळायचं.

बायका रडत यायच्या ते मात्र ऐकवायचं नाही. कुणाची म्हैस चोरीला गेली की दोन शिपाई लगेच काठ्या घेऊन निघायचे. बाईचा डोळा काळानिळा झाला असला तर तो 'घरचा मामला'! दारावरचा शिपाईच तिला परत लावायचा, "जा माय, भाकरी थाप जा, नवरा हाय त्यो तुजा." मी यांच्यावर चिडायची. हे शांतपणे पगडीची घडी बसवत म्हणायचे, "कायद्यात बसत नाही. थापडा मारल्या तर आम्हाला हात घालता येत नाही, तिनं मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत जावं. हाड मोडलं तर आमचं काम." म्हणजे हाड मोडेपर्यंत थांबायचं! बरं झालं मी जमादार नव्हते.

तर एका बाजाराच्या दिवशी सकाळी निमगाव केतकीकडची एक पोर आली. वीस-बावीसची असेल. डोक्यावर खायच्या पानांची डाली, डाव्या हातानं धरलेली. उजवा हात पदराखाली. बाजाराला निघालेय असं दाखवत ती घरातून बाहेर पडली होती आणि बाजार ओलांडून थेट ठाण्याच्या पायरीशी येऊन बसली. शिपाई तिला हाकलणार तेवढ्यात तिनं पदर बाजूला केला. मी पडवीतून बघत होते. कोपराच्या खाली हात असा काही वाकला होता की माझ्या हातातलं सूप खालीच ठेवलं मी.

यांनीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कळकाच्या पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, हाड मोडलंय, पडून नाही, मारानं मोडलंय. झालं, मामला घराबाहेर आला. मला तर मनातून बरंच वाटलं, आणि असं बरं वाटल्याबद्दल माझी मलाच चीडही आली.

फौजदार साहेब नवे होते. कडक, पण माणूस सरळ. त्यांनी तिला टेबलासमोर बसवलं. कुणी मारलं? नवऱ्यानं. कशानं? तिनं मोडका हात पदराखाली घेतला. नवऱ्याचं नाव काय?



"अगं, नाव सांग. कुणाविरुद्ध लिहू?"

"ते... आमच्या घरचं मानूस."

"त्याला नाव असेल ना काही?"

"असंल की. पर मी कसं घिऊ?"

शिपाई म्हणाला, "साहेब, मी बाजारातून त्यांच्या गावचं कुणीतरी आणतो, त्यो नाव सांगंल, ही मान हलवंल." पण फौजदारांचे हात त्यात आधीच पोळले होते. अशाच एका खटल्यात नाव शिपायानं सांगितलं, बाईनं मान हलवली. कोर्टात वकिलानं विचारलं, तू नवऱ्याचं नाव सांगितलंस का? बाई म्हणाली, "अगं बया, न्हाय!" खटला तिथंच बसला आणि तो बहाद्दर पान चघळत घरी गेला. तेव्हापासून साहेबांचा हट्ट, नाव फिर्यादीच्या तोंडूनच आलं पाहिजे. शिवाय शिपायानं बाजारात जाऊन विचारलं, तेव्हा तिच्या गावची माणसं पाटी उचलून दुसऱ्या ओळीला गेली. तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तिनंसुद्धा तोंड फिरवलं.

साहेबांनी मला आत बोलावलं. बाईमाणसानं समजावलं तर ऐकेल म्हणून. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "घे बाई नाव. एकदाच."

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आक्का, नाव घेतलं तर त्यांचं आयुक्ष कमी व्हतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अगं भवाने, तुझा हात मोडलाय, आणि तुला त्याच्या आयुष्याची पडलीय?"

"मला परत धाडू नगा," ती रडायला लागली. "हात तर काल मोडला. आता ठाण्यात आले म्हनल्यावर जिती ठेवायचा न्हाय. परत धाडू नगा, आक्का." आणि नाव काही घेईना. आता काय डोकं फोडायचं? पण खरं सांगते, तिला ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं, कुणी मला यांचं नाव सरळ घ्यायला सांगितलं असतं तर माझीही जीभ टाळ्याला चिकटली असती. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. कुणी ओरडलं म्हणून जातंय थोडंच?

तेवढ्यात दारावरचा शिपाई सांगत आला, निमगावकडून दमणी आलीय, बैल सोडतायत, तिचा थोरला दीर आणि गावचा पोलीस पाटील उतरलेत. साहेबांनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "वहिनी, फिर्याद झाली तर मी हिला कुणाच्या हाती देत नाही. पण फिर्यादच नसेल तर कोणत्या हक्कानं ठेवून घेऊ? लग्न झालेली बाई, सासरची माणसं न्यायला आलीत."

ती पोर उठून माझ्या पाठीमागं झाली. तिचा चांगला हात माझ्या पदराला असा घट्ट, की तो काढायचा म्हटलं तरी निघाला नसता. आणि तेव्हाच मला सुचलं. नाव सरळ घेता येत नाही, पण घेता येतच नाही असं कुठं आहे? लग्नात घेतो, बारशाला घेतो, हळदीकुंकवाला घेतो. उखाण्यातून घेतलं तर कुणाचं आयुष्य कमी होत नाही!

मी यांना म्हटलं. हे म्हणाले, "पोलीस ठाण्यात हळदीकुंकू मांडतेस की काय?"

"मांडते," म्हटलं, आणि निघालेच.

लाइनीत हाक मारली. शिपायांच्या बायका हातातलं पीठ झटकत आल्या. एकीनं कुंकवाचा करंडा आणला, एक तर कडेवरच्या पोरासकट आली. हात मोडलेल्या पोरीला आम्ही ठाण्याच्या बाहेर पायरीवर नेलं, कपाळाला हळदीकुंकू लावलं, आणि सगळ्याजणी उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिलो, नव्या नवरीची वाट अडवतात तशा. आत टेबलाशी साहेब दौत-टाक घेऊन बसलेले.

"नाव घे!" मी म्हटलं.

"नाव घे, नाव घे!" सगळ्यांनी धरलं. "नाव घेतल्याबिगर आत न्हाय सोडायचं!"

पाटील आणि दीर एव्हाना आमच्यापाशी पोचले होते. पाटील म्हणाले, "ए बायांनू, सरा बाजूला. घरचा मामला हाय, आमी गावात मिटवतो. चल गं पोरी." तिनं त्यांच्याकडं पाहिलं, दमणीकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं. पोर आता दमणीत बसणार.

पण बायका थांबल्या नाहीत. नाव घे, नाव घे! आणि सवय ती सवय हो. तिनं मान खाली घातली, डाव्या हातानं पदर सावरला, आणि बारीक पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"हिरव्या हिरव्या पानाला चुना लावते बोटानं,
अमुकरावांनी मोडला हात बाभळीच्या सोट्यानं!"

अमुकराव मी घातलंय. तिनं खरं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग कडेवर पोर असलेली जी होती ती "अगं बाई गं!" म्हणून जी हसत सुटली, की आम्ही सगळ्याच. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. आत साहेब उभे राहिले होते.

पाटील चिडले. "साहेब, ही काय फिर्याद म्हनायची? ह्यो तर उखाणा हाय!"

"पाटील," साहेब म्हणाले, "नाव आलं, हात आला, सोटासुद्धा आला. मी विचारत होतो तेव्हा एवढं मिळत नव्हतं. बाईला आत येऊ द्या. आणि त्याला घेऊन या, नाहीतर मी शिपाई पाठवतो."

आम्ही वाट सोडली, ती आत गेली. एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं आलं. किती वर्षं, कशावरून, कुणाकुणादेखत. दमणी रिकामी परत गेली. गाडी नजरेआड झाली तेव्हा मी मोठ्यानं श्वास सोडला, तर लाइनीतल्या बाकीच्याही तसाच सोडत होत्या. त्या दिवशी लाइनीत कुणाच्याच घरी वेळेवर जेवण झालं नाही, आणि एकाही नवऱ्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढून बघायचा होता!

तिच्या भावाला निरोप गेला. तो बारामतीजवळच्या पिंपळीचा, कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारा. तो आला आणि बहिणीला घेऊन गेला. नवऱ्याला धरून आणलं, जामिनावर सुटला. खटला उभा राहीपर्यंत मला धाकधूक होती. गावकी मधे पडेल, भावाला वाळीत टाकू म्हणतील, ही पोर कोर्टात शब्द फिरवेल. असं व्हायचं हो. कितीतरी वेळा झालेलं मी ऐकलं होतं.

खटल्याच्या दिवशी आम्ही लाइनीतल्या बायका कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. तिच्या गावच्याही काही बायका आल्या होत्या. बाजारात तोंड फिरवलेली शेजारीणही होती, आणि तीच आपणहून पुढं होऊन म्हणाली, "व्हय, आमी रोज आईकत हुतो. मी सांगते." मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक चापटही द्यावीशी वाटली. इतके दिवस काय करत होतीस, बाई?

हिला आत पुकारलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मारणाऱ्याचं नाव काय? आम्ही दारातून माना लांब केल्या. कारकूनसुद्धा हसऱ्या तोंडानं वाट बघत होता, उखाण्याची गोष्ट त्याच्याही कानावर गेलेली. नवरा समोर उभा होता, फेटा बांधून. तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं आणि नुसतं नाव घेतलं. राव नाही, काही नाही. रानात गडी-माणसाला हाक मारतात तसं. कारकून म्हणाला, "नीट ऐकू आलं नाही," तर तिनं पुन्हा घेतलं, मोठ्यानं.

कुणीही हसलं नाही.

त्याला सक्तमजुरी झाली. ती पिंपळीतच राहायची असं भावानं तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं, आणि सासरच्यांनी मान खाली घातली. दुपारी भावानं गाडी जुंपली. तिचा हात पुरा सरळ झाला नव्हता, पण त्याच हातानं तिनं गाडीचा दांडा धरला आणि वर चढली. मी गाडीशी जाऊन विचारलं, "आता घरी जाऊन काय करणार गं?"

मला वाटलं देवाला नारळ म्हणेल, नाहीतर भावाच्या मळ्याचं काही सांगेल. तिनं जरा विचार केला.

"निजनार, आक्का," ती म्हणाली. "पाय लांब करून. दाराकडं पाठ करून."