माफी मागायची नाही

मरणाचा जेवढा अभ्यास माझ्या कामठ्याच्या मावशीने केला, तेवढा गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्या डॉक्टरनेही केला नसेल, आणि तोही बाजेवर बसून, तांदूळ निवडता निवडता. दुपारी टीव्हीवर दवाखान्याची एक मालिका लागे. कुठल्याशा परदेशातली, पण सगळे हिंदीत बोलत. तिथले डॉक्टर पेशंटचा हात हातात घेऊन बसत, म्हातारे शहाण्यासारखे बोलत आणि मरणारा माणूस केस विंचरून, सगळ्यांचा निरोप घेऊन मगच डोळे मिटे. मावशीला याचं फार नवल वाटे. "आपले बुढे तं तंबाखूचा खर्रा मांगत मांगत मरतेत," ती म्हणे, "याईले मरता मरता येवढं बोलाले दम कुठून येते?"

पाहता पाहता तिने नियम शोधून काढले. ज्याला लहानपणचं घर आठवलं, तो मालिकेच्या पुढच्या दोन भागांत जाणार. जो चिडका, जेवणाला नावं ठेवणारा, तो सगळ्यांना पुरून उरणार. आणि सर्वांत पक्का नियम असा, की ज्याने जुनं भांडण मिटवून रडत माफी मागितली, त्याचं तिकीट निघालंच. शेजारच्या आजारी म्हातारीला भेटायला गेली की ती तापाबिपाचं विचारतच नसे. "कोनाशी भांडन हाये ना अजून?" एवढं विचारे, आणि आहे म्हटल्यावर निश्चिंत होऊन चहा घेई.

मला याची गंमत वाटे, पण मग मुर्री गावचा मामा आजारी पडला. मामा म्हणजे मावशीचा सख्खा मोठा भाऊ. तिच्या मुलीच्या लग्नात भर पंगतीत तो म्हणाला होता, "हा भात हाये का पोस्टर चिकटवाची खळ?" धानाच्या मुलखात हे बोलणं साधं नाही. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसले तरी माझ्यामार्फत बोलत. आता मामाला हृदयाचं दुखणं निघालं, गोंदियाच्या एका दवाखान्यात भरती केलं, आणि मावशी रोज बसने हजर.

तिथेही तिच्या चौकशा सुरूच. एका तरुण डॉक्टरला तिने विचारलं, "पेशंट गेला का तुमी टीव्हीतल्या डाक्टरावानी छतावर जाऊन रडता का, साहेब?" तो म्हणाला, "गच्चीला कुलूप असतं, मावशी. आम्ही बाथरूममध्ये जातो." मावशीला तो मुलगा तेव्हापासून फार आवडू लागला.

पण मामाने "बाईले सांग बाबू, त्या दिवशी मी..." म्हणून तोंड उघडलं की ती उठलीच. "त्याले सांग, चूप राह्य. त्याले बोलाची अक्कल कवा होती?" मामी रडकुंडीला आली. नातेवाईक म्हणू लागले, हिला काळीज आहे की नाही. मलाही राग आला. मी तिला बाहेर नेऊन म्हणालो, "त्याला एकदा माफी मागू दे ना. काऊन अडून राहिली?"

ती पदराने डोळे पुसत होती. "मांगतली का मंग त्याचं काय राह्यलं इथं? खतम होईन ना तो, बाबू."

मी हे मामाला सांगितलं. तो वरच्या पंख्याकडे पाहत हसला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या आल्या त्याने सरळ तिलाच विचारलं, "आज डब्यात भात आनला का खळ?" मावशी कडाडली. वॉर्डभर ऐकू जाईल असं दोघं भांडले, आणि मला त्या दोघांचं फार प्रेम वाटलं.

मामा बरा होऊन घरी आला आणि पुढे काही वर्षं जगला. श्रेय डॉक्टरांचं, पण मावशीला ते पटवून देणं कुणाला जमलं नाही. दर सणाला भांडण ठरलेलं. मग एका दुपारी मामा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. कुणाचा निरोप घेतला नाही, शेवटचं म्हणून काही बोलला नाही.

तेरवीनंतर मावशी अंगणात माझ्याशेजारी येऊन बसली. "त्याले मालूम होतं का रे, मी काऊन बोलू देत नव्हती ते?"

"होतं. मीच सांगितलं होतं दवाखान्यात."

ती माझ्याकडे वळली. "म्हंजे येवढे साल तो मुद्दाम भांडून राहिला होता?"

मी मान डोलावली.

"मंग माफी तं तो दर सनाले मांगूनच राहिला होता," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडू लागली.