आत्या घर तपासून घेते

आमच्या आत्याला कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत. रक्तदाब मोजायला जायचं तर ती आदल्या दिवसापासून नीट झोपते, म्हणजे आकडा चांगला येतो. दाताचा डॉक्टर कुठे दुखतंय विचारतो, तर तोंडाचा आ तसाच ठेवून "तसं काही नाही हो" म्हणते.

जन्मभर ऑफिसात टायपिंग करून तिने दोन खोल्यांचं नवंकोरं घर घेतलं. बाबांनी, म्हणजे तिच्या भावाने, बजावलं की ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी जाणकाराकडून तपासून घे. एकदा सही झाली की सगळी दुरुस्ती तुझ्या डोक्यावर. भावाचं मन मोडू नये म्हणून तिने तपासनीस बोलावला, आणि तो यायच्या आत जाऊन घर पुसून काढलं.

पुसताना आतल्या खोलीत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ताटाएवढी ओल दिसली. आत्याने घडीचं स्टूल उघडलं, ओलीपुढे ठेवलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

तपासनीस लांबुडका, नाकात बोलणारा. "असं आहे पाहा," म्हणायचा आणि पुढे काहीच नाही. हातोडीने एकेक फरशी टकटक वाजवायचा, कान द्यायचा, सरकायचा. त्याच्या मागे बिल्डरचा माणूस. खिडकी उघडली तरी "टेन्शनच नाही ताई", अडकली तरी तेच. आत्या स्टुलावरून घराचं कौतुक करत होती. ऊन काय छान येतं, दारं काय छान लागतात. ज्याला पैसे देऊन खोड काढायला आणलं, त्यालाच घर विकायला बसल्यासारखी. त्याने तिच्या पाठीमागची भिंत बघू का विचारलं, तेव्हा तिचे गुडघे धरले. तो भिडस्त, पुढे गेला.

बाथरूममध्ये त्याने बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून भिंतीशी जाऊन उभं राहिलं.

"असं आहे पाहा, उतार उलटा आहे."

बिल्डरचा माणूस हसला. "उतार करेक्ट आहे. काही बायकांना पाणी वापरायचं वळणच नसतं. बदाबदा ओततात, आणि ओल आली की बिल्डरच्या नावाने बोंब."

"कुणाला वळण नसतं?" आत्याने आतून विचारलं.

"तुम्हाला नाही हो ताई. आपलं जनरल."

दोघं खोलीत आले तोवर आत्या उठली होती. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिने दोघांकडे पाठ फिरवली. कुडत्यावर ओला गोल, त्यात रंगाचे पांढरे पोपडे.

"मी इथे अजून एक तांब्या पाणी ओतलेलं नाही," ती भिंतीला सांगत होती. "पुसायची बादलीसुद्धा खालच्या नळावरून आणली, खालीच ओतली. आता बोला वळणाचं."

तपासनिसाने ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं आणि आतला पाइप गळतोय म्हणाला. मग आत्यानेच त्याला घरभर फिरवलं. न बसणारी कडी, हलणारी चौकट, पुसताना बघून पोटात ठेवलेलं सगळं तिने बाहेर काढलं. लिहून लिहून त्याचा हात भरून आला.

भिंत फोडून पाइप बदलेपर्यंत सही करायची नाही, असं ठरलं. तपासनिसाने लिहिलेलं वाचून दाखवलं. आत्याने एकाच ठिकाणी थांबवलं.

"'ताईंच्या घरात ओल' नको. बिल्डरच्या घरात लिहा. घर माझं झाल्यावर ओल येऊ देणार नाही मी."