पहिला कप

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि दुष्काळ होता. आमच्या क्लबच्या मॅचला कचेरीतले एक कारकून पदरच्या दूध-साखरेचा चहा करायचे. मैदानाकडे पाठ करून स्टोव्हपाशी बसायचे आणि नुसत्या आवाजावरून "चौका गेला" म्हणायचे. पहिला कप पाहुण्या संघाला, हा त्यांचा कायदा. आमच्यातल्या कुणी हात पुढे केला की खेकसायचे.

त्या रविवारी टँकर आलाच नाही. रिकाम्या घागरीपाशी ते मान खाली घालून बसले. मी म्हणालो, "काका, आज राहू द्या."

"अन् पाहुण्यांना तसंच लावून देऊ व्हय?"

तेवढ्यात पाहुण्या संघाच्या, म्हणजे निलंग्याच्या, कॅप्टननं गावाहून आणलेला पाण्याचा कॅन त्यांच्यापुढे ठेवला.

चहा उकळला. पहिला कप त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो पाहुण्यांकडे न्यायला वळलो.

"घे की," ते म्हणाले, "पाणी त्यांचं हाय. आज पाहुणे आपण."