कोड उघडा, दुकान चालू

आमच्या धंद्यात माल फुकट असतो, त्यामुळे भांडणं अगदी मनापासून होतात. आणि भांडण झालं की किस्सा मागे उरतोच. डोंबिवली पूर्वेला, पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "काका, ते टिटवाळ्याचं सांगा ना." मी सांगतो. दर वेळी किस्सा थोडा वाढतो अशी स्वातीची तक्रार आहे. वाढत नाही, मुरतो.

आधी धंदा काय ते सांगतो. "खण" नावाचं आमचं सॉफ्टवेअर आहे, मेडिकलच्या दुकानांसाठी. कुठलं औषध कपाटाच्या कुठल्या खणात आहे, किती उरलंय, एक्स्पायरी कधी, बिल, सगळं त्यात. लिहिलं स्वाती भोईरने, विकलं मी. म्हणजे तसं विकलं नाहीच. ते ओपन सोर्स आहे. कोड वेबसाइटवर उघडा पडलाय, कोणीही घ्यावा, बदलावा, हवं तर विकावा. अटी दोनच. बदल केलात तर तोही असाच उघडा ठेवायचा, आणि जिने मूळ लिहिलं तिचं नाव पुसायचं नाही. आम्ही कमावतो ते बसवून देण्यावर, शिकवण्यावर आणि अडलं की धावत जाण्यावर.

मी दहावीनंतर कॉलेजात गेलो नाही. आधी कॅसेट विकल्या, मग कॉम्प्युटर दुरुस्त केले. या अटींचं इंग्रजी लायसन्स मी शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं आणि स्वातीला म्हटलं, "हे वकिलाचं डोकं नाही, दुकानदाराचं आहे. माल नेणाऱ्यालाच तो सुधारून परत आणायला लावलंय."

*

टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या रांगेत सावंतांचं मेडिकल आहे. आम्ही गेलो, मशीन लावलं, तासभर सगळं दाखवलं. सावंत खूश. दोन-चार गिऱ्हाइकांची बिलंसुद्धा त्यांनी स्वतः करून बघितली. मग विचारलं, "किती?"

मी म्हटलं, फुकट.

माणसाचा चेहरा पडला. चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, मग नको. मला कळेना. मी लायसन्स समजावलं, स्वातीने कोड समजावला. सावंत ऐकून घेत होते, पण मान नाहीच्या बाजूला. शेवटी म्हणाले, "शेठ, फुकट देणाऱ्याला अडचणीत फोन केला ना, तर तो कायम कुणाच्या तरी लग्नात असतो."

आता बोला. पण मीही काउंटरच्या मागे उभं राहूनच मोठा झालोय. म्हटलं, "सावंत, सॉफ्टवेअर फुकट. फोन उचलायचे पैसे."

"हे आधी नाही का सांगायचं," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि ड्रॉवरमधून चेकबुक काढलं.

कंपनीचा धंदा कसा चालावा, यावर मी पुढे बरीच भाषणं ऐकली. मला तो टिटवाळ्याच्या काउंटरवर कळला.

*

मग कर्णिक आले.

ठाण्यात घोडबंदर रोडला त्यांच्या कंपनीची काचेची इमारत, रिसेप्शनला माशांची टाकी, मजला भरून माणसं. आमच्याकडे मला धरून सात. त्यांनी आमचं "खण" घेतलं, निळा रंग दिला, इंग्रजी नाव ठेवलं आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत विकायला काढलं. यात चोरी काहीच नाही, लायसन्सच तसं आहे. पण आमची बहुतेक गिऱ्हाइकं याच पट्ट्यातली. ती कर्णिकांकडे वळली की आमचं शटर खाली, हिशेब इतका सरळ होता. घरी मी कोणाला बोललो नाही, ऑफिसात मात्र सगळ्यांना माहीत होतं.

स्वातीला राग वेगळाच. त्यांनी तिचं नाव काढून टाकलेलं.

तेवढ्यात कर्णिकांनी ठाण्याच्या एका हॉटेलात केमिस्ट लोकांना जेवायला बोलावलं. जेवणाआधी डेमो. कल्याणच्या सुलभाताई पाटणकर तिथे गेलेल्या. त्यांचं स्वतःचं मेडिकल आहे आणि केमिस्टांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष. बाई कडक. औषधाच्या कंपनीचे लोकसुद्धा त्यांच्या दुकानात मोबाइल सायलेंटवर टाकून शिरतात. तर कर्णिक स्टेजवर, मागे भिंतभर पडदा, पडद्यावर सगळं झकास इंग्रजी. त्यांनी एका औषधाचं नाव टाकलं. हॉटेलचं नेट हळू. आणि त्या भिंतभर पडद्यावर शुद्ध डोंबिवलीच्या मराठीत अक्षरं आली: "दम खा, शोधतेय."

स्वातीने कधीकाळी गंमत म्हणून टाकलेली ओळ. नाव पुसलं, ही पुसायची राहिली.

सुलभाताईंनी तिथूनच मला फोन लावला. म्हणाल्या, "अरे, तुझी स्वाती इथे पडद्यावर बोलतेय."

ऑफिसात सगळे म्हणाले, नोटीस पाठवा. मी पेढे घेतले आणि घोडबंदरला गेलो. कर्णिक जुने ठाणेकर, शिकलेले, बोलणं पुण्याच्या वळणाचं. त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आमची मुलगी तुमच्या घरात नांदतेय, आनंद आहे. फक्त तिचं माहेरचं नाव पुसलंत, ते तेवढं परत लावा."

माणूस सरळ निघाला. लाजला. म्हणाला, माझ्या नजरेतून सुटलं, आठवड्याभरात होईल. आणि झालं. त्यांच्या प्रत्येक दुकानात, मशीन चालू केलं की पहिल्या पडद्यावर खाली ओळ येऊ लागली: मूळ लेखन, स्वाती भोईर, डोंबिवली.

काही दिवसांनी ठाण्याहून फोन यायला लागले, डोंबिवलीच्या त्या बाई तुमच्याकडेच का, म्हणून.

*

एकदा एक गृहस्थ ऑफिसात आले. म्हणाले, खडवलीला माझं मेडिकल आहे, तुमचं सॉफ्टवेअर बघायचंय. बसवलं, चहा मागवला. गृहस्थ विचारायला लागले. सर्व्हर कुठला, बॅकअप कसा घेता, पुढच्या व्हर्जनमध्ये काय आणताय.

स्वातीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कारण इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मेडिकलवाल्याने पहिला प्रश्न एकच विचारलाय, एक्स्पायरी जवळ आलेला माल परत करायची आठवण हे देतं का. या माणसाला एक्स्पायरीची काळजीच नाही. असा मेडिकलवाला खडवलीलाच काय, कुठेच नसतो.

मी आधी चहा होऊ दिला. मग विचारलं, "कर्णिक साहेब बरे आहेत ना?"

त्यांचा कप बशीवर जोरात आपटला. बिचारे उठायलाच लागले. मी हात धरून बसवलं. म्हटलं, "अहो, आमच्याकडे हेरगिरी करायला काय आलात? सगळं वेबसाइटवर आहे, पुढच्या व्हर्जनसकट. घरी एसीत बसून वाचायचं. घोडबंदरच्या त्या ट्रॅफिकमधून एवढे आलात, तर आता जेवूनच जा."

जेवले. खालच्या केंद्राची पोळी आणि मटकी. निघताना स्वातीने त्यांना वेबसाइटचा पत्ता कागदावर लिहून दिला.

*

रोहितचा किस्सा सांगताना मला अजून मजा येते.

रोहित आमच्याकडचा, स्वातीच्या हाताखाली तयार झालेला. कर्णिकांनी त्याला बोलावलं. पगार असा सांगितला की मीच म्हटलं, जा रे बाबा. त्याचं लग्न ठरलेलं, घर घ्यायचं होतं. स्वाती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, एक वीट निघाली, आता भिंत हलणार.

त्याच्या जागी नवा मुलगा घेतला. महिन्याभराने स्वाती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, काका, औषध शोधायचा आपला वेग दुप्पट झालाय. मी म्हटलं, शाब्बास, केलंस कसं? म्हणाली, मी नाही केलं. रोहितने केलंय.

झालेलं असं की कर्णिकांच्या गिऱ्हाइकांना वेग हवा होता. रोहितने तिकडे बसून तो आणला. आणि लायसन्सप्रमाणे बदल उघडा ठेवणं भाग, म्हणून तो आमच्याकडे आपोआप आला. नंतर त्याने चुका दुरुस्त केल्या, मराठी पडदे नीट केले, खडवली-टिटवाळ्याला लाइट जाते तेव्हा अर्धं बिल पुसलं जायचं, तेही थांबवलं. आमच्याकडे होता तेव्हा याच कामासाठी मी त्याच्या मागे लागलेलो.

त्याच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. कर्णिकही आलेले. पंगतीत शेजारी बसलो. मी म्हटलं, "साहेब, मुलगा हुशार आहे हो. पगार तुमचा खातो, काम दोघांचं करतो."

कर्णिकांनी जिलबी माझ्या ताटात वाढायला सांगितली. म्हणाले, "शेठ, तुम्ही हे आधीच ओळखलं होतंत ना?"

मी जिलबी खाल्ली. धंद्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

*

आमच्या चुकासुद्धा उघड्या असतात. कोणाला काय बिघाड दिसला, तो दुरुस्त झाला की पडून आहे, सगळं वेबसाइटवर, जगासमोर. ही स्वातीची शिस्त. मला सुरुवातीला ते दुकानाच्या दारात खराब माल मांडून ठेवल्यासारखं वाटायचं.

कर्णिकांच्या सेल्समधल्या एकाने त्याचाच फायदा घ्यायचं ठरवलं. सगळं प्रिंट काढून तो सुलभाताईंच्या दुकानात गेला. काउंटरवर गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, मॅडम, बघा, डोंबिवलीवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किती चुका.

ताईंनी शांतपणे पानं चाळली. गिऱ्हाईक थांबलेलं, त्यालाही थांबवलं. मग विचारलं, "आणि तुमच्या कुठे आहेत?"

तो म्हणाला, आमच्या आम्ही कोणाला दाखवत नाही.

ताई म्हणाल्या, "मीही माझ्या गिऱ्हाइकांना एक्स्पायरीची तारीख दाखवायची बंद करू का?"

हे मला त्यांनी सांगितलं नाही. थांबलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं. तो आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी निघाला.

*

शेवटचा किस्सा कल्याणचा.

केमिस्टांच्या मंडळाने ठरवलं की सगळ्या सभासद दुकानांत एकच सॉफ्टवेअर घ्यायचं, ठाण्यापासून पार खडवलीपर्यंत. म्हणजे आमची जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं एका दमात एकाच्या पदरात पडणार. कर्णिकांना मिळालं तर पुढच्या महिन्यात आमच्या ऑफिसची चावी घरमालकाला द्यायची, हे मी स्वातीला स्पष्ट सांगितलेलं. तिने मान हलवली आणि कामाला लागली.

आणि महिनाभर कर्णिकांची सेल्सची माणसं दुकानादुकानांत एकच गोष्ट सांगत होती. डोंबिवलीवाले चांगले आहेत हो, पण सात माणसं. उद्या बंद पडले तर?

सभा कल्याणला, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. अख्खा हॉल भरलेला, मागे सावंतही दिसले. कर्णिक आधी बोलले, छान बोलले. मग स्वातीने "खण" दाखवलं. तिचं बोलणं साधं, पण मध्येच मागून कोणीतरी म्हणालं, "दम खा," आणि हॉल हसला, तशी ती मोकळी झाली. वाटलं, झालं, जमलं.

तेवढ्यात सुलभाताई उठल्या. म्हणाल्या, मला फक्त एक प्रश्न आहे, दोघांनाही तोच. आधी माझ्याकडे वळल्या.

"तुमची सात माणसं. उद्या तुमची कंपनी बंद पडली तर आमच्या दुकानांनी काय करायचं?"

स्वाती जमिनीकडे बघायला लागली. कर्णिकांचा सेल्सवाला पुढच्या रांगेत खुर्चीला टेकून बसला, आरामात.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मग कर्णिक साहेब चालवतील. कोड त्यांच्याकडे आहे, रोहित त्यांच्याकडे आहे, ऑफिस आमच्यापेक्षा मोठं आहे, माणूस सरळ आहे. तुमचं एक बिल अडणार नाही. हवं तर आत्ता लिहून देतो."

आमची पोरं माझ्याकडे बघत होती, म्हातारा गेला कामातून, अशा नजरेने. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सुलभाताईंनी हात वर करून ती थांबवली आणि दुसरीकडे वळल्या.

"कर्णिक, तुमची बंद पडली तर?"

कर्णिक उठले. त्यांचा सेल्सवाला खालून कुजबुजत होता, आपली पडणारच नाही म्हणा, पडणारच नाही म्हणा. कर्णिकांनी त्याच्याकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. माइक तोंडाशी नेला. मग तो खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.