डावी बेटकुळी

सगळ्या महाड तालुक्यात डाव्या हाताला पुरता न्याय देणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. महाडच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, आणि जगात काही वाकडं असू नये, निदान आपल्या नजरेसमोर तरी असू नये, असा त्यांचा दंडक होता. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते भिंतीवरची तसबीर सरळ करत. एकदा एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाची टोपी सरळ केली, मग त्याच्या बापाची केली, आणि मग व्याह्यांनी आपली टोपी स्वतःच काढून मांडीवर ठेवली. मी तेव्हा मामलेदार कचेरीत नवीन कारकून लागलो होतो आणि दोन्ही वेळ आत्याकडे जेवायचो, त्यामुळे हे सगळं मला अगदी जवळून, बहुधा तोंडात घास असताना, बघायला मिळालं.

असा माणूस स्वतःच वाकडा निघाला, आणि तोही देवाच्या दारात.

आतोबांचं मूळ गाव पोलादपूरकडे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला. तिथे शिमग्याला पालखी नसते. देवाचे पितळी मुखवटे एका जड शिसवी चौरंगावर मांडतात, आणि मानकऱ्याने तो चौरंग दोन्ही हातांवर घ्यायचा, हात कोपरात वाकवून छातीपुढे धरायचा, आणि देवळापासून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत सहाणेपर्यंत, म्हणजे देव शिमगाभर बसतो त्या चौथऱ्यापर्यंत, न्यायचा. वाटेत खाली ठेवायचा नाही, अंगाला टेकवायचा नाही, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. हा मान आतोबांच्या घराण्याचा. वडील गेले आणि तो आतोबांकडे आला. त्यांनी आयुष्यात उजव्या हाताने खडू धरला होता, उजव्याच हाताने छत्री आणि पिशवी. डावा हात नुसता सोबतीला असायचा. पहिल्याच वर्षी पाखाडीच्या वळणावर तो हात थकला, चौरंग डावीकडे कलला, आणि मुखवटे घसरू लागले. मागून येणाऱ्या चुलतभावाने खालून हात लावला म्हणून देव वाचला.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. गावचे खोत खाली बघत म्हणाले, "गुरुजी, देव कलला. खडू धरून दंड वाढत नाय." चुलतभाऊ शेती करणारा, मनाचा सरळ माणूस. तो बिचारा म्हणाला, "दादा, पुढल्या वक्ताला मी धरतो की. तुझा मान तो माझा मान." हे तो मायेने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या शिमग्याला गुरुजींनी आणखी एकदा चौरंग धरावा. पुन्हा कलला तर मान कायमचा चुलतभावाच्या घरी जाईल.

महाडला परतल्यावर आतोबांनी सदरा काढला, दोन्ही हात कोपरात वळवले आणि आत्याला म्हणाले, "बघ." आत्याने बघितलं. उजव्या दंडावर लहानशी का होईना बेटकुळी उठली होती. डाव्यावर काहीच नव्हतं. "इथे होती का कधी?" आत्याने विचारलं. आतोबांनी तिच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा काढला, आणि त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आत्याने तो दोरा दोन्ही दंडांभोवती गुंडाळून बघायचा असा नेम झाला.

पहिला बळी गेला तो वरवंट्याचा. तो डाव्या हातात घेऊन आतोबा परसात उभे राहत आणि वरखाली करत. पाटा स्वयंपाकघरात आणि वरवंटा पेरूखाली, असा संसार सुरू झाल्यावर आम्ही चटणीविना जेवू लागलो. अखेर आत्याने वरवंटा परत आणला आणि सांगितलं, "नदीत दगड काय कमी आहेत?" आतोबांना ते पटलं. सावित्रीच्या पात्रातून त्यांनी दोन गुळगुळीत गोटे आणले. पण दोन गोटे सारखे आहेत हे कशावरून? तेव्हा शेर जाऊन किलो येऊ घातले होते आणि वाण्याच्या दुकानात आधीच गोंधळ होता. त्यात आतोबांनी दोन पारड्यांत दोन गोटे ठेवले, खिशातून हातोडी काढली आणि जड गोट्याचे टवके उडवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं ताटकळली. वाणी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, दगडाला गिऱ्हाईक मिळालं तर मलाही सांगा." काटा मधोमध थांबला तेव्हाच आतोबा हलले, आणि जाताना वाण्याची गणपतीची तसबीर सरळ करून गेले.

व्यायामाचं त्यांचं शास्त्र होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय ते मला वाढू देत नसत. "वर काय कुणीही नेतो रे. खाली आणताना हात सावकाश आला पाहिजे, तिथे दंड तयार होतो. आणि नुसती पुढची बेटकुळी फुगवून भागत नाही. दंडाची मागची बाजूही भरली पाहिजे, नाहीतर हात म्हणजे अर्धवट रंगवलेलं चित्र." मागच्या बाजूसाठी ते जोर काढत, आणि जोर काढतानाही एक डोळा मिटून जमीन समपातळीत आहे का ते बघत.

डाव्या हाताला कामाची सवय लागावी म्हणून त्यांनी उजव्याला सक्तीची रजा दिली. फळ्यावर ते डाव्या हाताने घोडा काढू लागले. वर्गाला तो गाढव वाटला, पण वर्ग खूश होता. गणपतीत त्यांनी निरांजनाचं तबक डाव्या हातात घेतलं तेव्हा भटजी आरतीचं कडवं विसरले. दसऱ्याला त्यांनी मुख्याध्यापकांपुढे डाव्या हाताने सोनं धरलं. मुख्याध्यापक दोन पावलं मागे सरले. "गुरुजी, सोनं डाव्या हाताने?" आतोबा शांतपणे म्हणाले, "उजवा विश्रांतीवर आहे, सर." गावात कुणी म्हणे त्यांना भलत्या वयात खूळ लागलं, कुणी म्हणे वात झाला. आत्या मात्र कुणाला काही सांगायला गेली नाही. उजवा रजेवर म्हणून रविवारी डाव्यालाच दोरा गुंडाळायची आणि "वाढतोय" म्हणायची.

वाढतोय, वाढतोय म्हणता घात झाला. दिवाळीच्या पाडव्याला आत्या त्यांच्या अंगाला तेल लावत होती. दंडाशी येताच तिचा हात थांबला. ती पुन्हा उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे आली आणि म्हणाली, "अहो, डावा पुढे गेला." आतोबा पाटावरून तेलकट अंगाने उठले. दोरा आला. खरंच, डावा दंड टरटरला होता, आणि रजेवरचा उजवा आळसावून सुकला होता. त्यांनी तिथल्या तिथे घरचा चौरंग उचलला, त्यावर पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवायला लावलं आणि अंगणात चालू लागले. घंगाळ उजवीकडे घसरलं आणि सगळं ऊन पाणी माझ्या सणाच्या नव्या धोतरावर आलं. "यंदा देव उजवीकडे जाणार," आत्या म्हणाली. आतोबा मटकन पायरीवर बसले. मला पहिल्यांदाच त्यांची मनापासून कीव आली. इतकी मेहनत करून माणूस दुसऱ्या बाजूला वाकडा झाला होता.

त्या दिवशी त्यांनी फराळ केला नाही. संध्याकाळी मात्र दोन्ही हातांत दोन गोटे घेऊन ते पेरूखाली उभे राहिले. "एकाला रजा दिली, हीच चूक झाली," ते मला म्हणाले. "आता दोघं बरोबर वर जातील, बरोबर खाली येतील. एक दमला की दुसरा थांबेल." मग थंडीभर तसंच चाललं. जोमदार डावा हात उजव्यासाठी थांबत राहिला. मुख्याध्यापकांना तिळगूळ दोन्ही हातांची ओंजळ करून मिळाला, आणि माघाच्या अखेरीस एका रविवारी आत्याने दोरा एका दंडाभोवती गुंडाळला, गाठ मारली, तीच गाठ न सोडता दुसऱ्या दंडावर चढवली आणि चहा टाकायला गेली.

शिमग्याला मी रजा काढून गेलो. ढोल वाजत होते, पण सगळ्या गावाचे डोळे मुखवट्यांवर खिळले होते. आतोबांनी चौरंग हातांवर घेतला आणि पाखाडी चढू लागले. वळण आलं. तिथे आतोबा मुद्दाम थांबले! ढोल थांबला. खोतांनी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, एक डोळा मिटून चौरंगाची कड न्याहाळली. मधल्या मुखवट्यावर वाहिलेलं झेंडूचं फूल जागचं हललं नव्हतं. "सरळ हाय!" खोत ओरडले, आणि गावाने अशी आरोळी ठोकली की समोरच्या डोंगराने ती परत दिली. सगळ्यांत मोठ्याने चुलतभाऊ ओरडत होता. सहाणेवर पोचल्यावरही आतोबा चौरंग खाली ठेवीनात. "पुन्हा एकदा नीट बघून घ्या," ते म्हणाले. खोत काकुळतीला आले, "ठेवा आता, गुरुजी. देवालाबी बसायचं हाय."

पुढे कित्येक वर्षं देव कलला नाही. आतोबांचे केस पांढरे झाले, शाळा सुटली, पण रविवारचा दोरा सुटला नाही. मग आत्याचे गुडघे गेले. एक शिमगा तिने महाडला अंथरुणात ढोलाची आठवण काढत घालवला, आणि तो आतोबांच्या मनाला लागला असावा. पुढच्या वर्षी त्यांनी तिला बैलगाडीत घालून गावी आणलं. देवळापुढे सगळे चौरंगासाठी खोळंबले होते. आतोबा चुलतभावाजवळ गेले आणि म्हणाले, "यंदापासून तू घे. माझे हात मोकळे नाहीत."

खोत हबकले. "गुरुजी, मान एकदा गेला तर परत मिळायचा नाय."

"माहीत आहे," आतोबा म्हणाले. ते गाडीपाशी आले, आत्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि पाखाडी चढू लागले. पुढे चुलतभावाच्या हातांवर देव, मागे आतोबांच्या हातांवर आत्या. लाजेने तिने पदर तोंडावर ओढला होता. वळणावर आतोबा थांबले. या वेळी मुद्दाम नाही, त्यांना धाप लागली होती.

पदराआडून आत्या म्हणाली, "डावीकडे जरा कलतंय हो."

"कलत नाही. तू वाकून खाली बघते आहेस," आतोबा दम घेत म्हणाले. "देवासारखी सरळ बस."

आत्याने पदर बाजूला केला. दोरा महाडला राहिला होता. तिने आपल्या हाताची बोटं त्यांच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळली आणि सहाण येईपर्यंत तशीच ठेवली.