आईच्या खुणा आणि अडखळता कॅमेरा

त्याची आई जन्मापासून बहिरी. शाळेत कधी गेली नाही. घरातली हातांची भाषा तिनेच घडवलेली आणि ती पुरती कळायची फक्त ताईला. तो लहानपणीच हॉस्टेलवर गेला, पुढे प्रोग्रामर झाला. चाळिशीत त्याच्या मनाने घेतलं, आईच्या सगळ्या खुणा व्हिडिओत उतरवायच्या. सॉफ्टवेअरही आपणच लिहायचं.

महागातला वेबकॅम आणला. चित्र लख्ख, पण अडखळत यायचं. हात गालाशी दिसे, मग एकदम मांडीवर. मधली हालचाल गायब. आईचं बोलणं तर त्या मधल्यातच होतं. तोच हात सावकाश उतरला तर एक अर्थ, झटकन उतरला तर दुसरा.

"चित्र लहान कर ना," ताई म्हणाली. "मघाशी लहान होतं तेव्हा छान चालत होतं."

"एचडीच हवं. बोटं नीट दिसली पाहिजेत."

आईने हात हलवले. ताईला हसू आवरेना. "विचारतेय, मला स्थळ बघताय का? दर रविवारी नटवून बसवता ते."

"सांग तिला, पुढच्या रविवारी नक्की."

असे कितीतरी रविवार गेले. त्याने केबल बदलली, दिवे वाढवले, नवा कॉम्प्युटर घेतला, कोड मुळापासून लिहिला. आई दर वेळी केस विंचरून खुर्चीत बसायची आणि तशीच उठायची.

दोष सापडला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. कॅमेरा मोठी चित्रं कॉम्प्रेस करून हलकी न करताच पाठवत होता. एवढा भार केबलला पेलत नव्हता, म्हणून सेकंदाला जेमतेम पाच चित्रं पोचत होती. कॉम्प्रेस केलेली चित्रं मागायची, एवढंच करायचं होतं. कोडची एक ओळ. पडद्यावर त्याचा हात पाण्यासारखा हलला.

पण त्याआधीच आईला झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती.

तरी त्याने तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ती डाव्या हाताने काहीतरी सांगू लागली. चित्रात एकही थरथर सुटली नाही.

"काय म्हणतेय?"

"नाही कळत रे," ताई म्हणाली. "तेव्हा लहान चित्रच का नाही घेतलंस?"

आई त्याच्याकडे बघत तेच पुन्हा करून दाखवत होती, आणखी सावकाश.