देवळाबाहेरचे बूट

द्राक्षांची पेटी उघडली की कागदाच्या कातरणांचा गोडसर वास येतो आणि नाशिक रोडच्या घरातली ती दुपार आठवते. कॉलेजात असताना मी एका ऑनलाइन खेळात गलबत घेऊन बेटं शोधत हिंडायचे. त्या दुपारी शेजारी आई निफाडहून आलेली द्राक्षं निवडत बसली होती. धुक्यातून नवं बेट वर आलं, त्यावर काळ्या दगडाचं देऊळ. मी आत शिरणार, तोच आई ओरडली, “अगं, बूट!” “आई, खेळ आहे हा.” “असू दे. देव आहे ना आत? काढ आधी.” निखाऱ्यांवरून चालता येईल असे ते बूट मी किती बेटं पालथी घालून मिळवले होते! निमूट पायरीवर काढले. बाहेर येऊन बघते तर गायब. कुणीतरी दुसरा खेळाडू उचलून पसार झाला होता. मी रडकुंडीला आले. आई तोंडात द्राक्ष टाकत म्हणाली, “एक इकडे, एक तिकडे ठेवायचा ना! एवढंही कळत नाही?” परवा, इतक्या वर्षांनी, खेळातल्या एका अनोळखी बेटावर असंच देऊळ दिसलं. पायरीच्या या टोकाला कुणाचा तरी एक बूट होता आणि दुसरा पार त्या टोकाला, झुडपामागे. मी हात लावला नाही. आत गेलेला जो कोणी होता, त्याच्या शेजारी त्याची आई बसलेली असणार.